सरहद्द सातबाऱ्यावर आहे

मराठी समीक्षेला अलीकडे ‘सीमाप्रदेश’ आणि ‘संमिश्र अस्मिता’ या शब्दांचा मोठा लळा लागला आहे. दोन संस्कृतींच्या उंबरठ्यावर घुटमळणारा नायक दिसला की कादंबरी आधुनिक ठरते. हा नायक बहुधा पुण्याहून परदेशी गेलेला असतो. त्याची तगमग खरी असेल. परंतु परतीचे तिकीट त्याला परवडते. ज्यांच्या दाराशी सरहद्दच चालून आली, त्यांचे काय?

चिरनेर हे असे गाव आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी येथल्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. हुतात्म्यांच्या नावांत पाटील व म्हात्रे आहेत, तसेच कोळी व कातकरीही आहेत. जंगलावरील हक्काच्या प्रश्नाने जातीजातींतल्या भिंती त्या दिवसापुरत्या तरी खाली आणल्या. संमिश्रतेचा हा अर्थ कोणत्या परिसंवादात सांगितला जातो?

पुढे 1970 साली सिडको स्थापन झाली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, पाच जण गोळीबारात गेले, आणि मग कुठे 12.5 टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. भातशेती आणि मिठागरांवर वाढलेल्या आगरी घरातला मुलगा आज कंटेनर यार्डात हिंदी बोलतो, कचेरीत पुस्तकी मराठीत अर्ज लिहितो आणि हळदीच्या रात्री आगरीत गातो. ही संमिश्र अस्मिता नव्हे काय? मात्र ती त्याने हौसेने पत्करलेली नाही. भूसंपादनाच्या नोटिशीने ती लादली आहे. उत्पादनाचे साधन हातून गेले, तेव्हा जगण्याची भाषाही बदलावी लागली, इतका हा साधा व्यवहार आहे.

ग्लोरिया आन्झाल्दुआ यांच्या 1987 च्या ‘बॉर्डरलँड्स’चा दाखला समीक्षक मोठ्या उत्साहाने देतात. टेक्सासमधील मेक्सिकन वंशाच्या शेतकऱ्यांच्या जमिनी कशा हिरावल्या गेल्या, तेही त्या पुस्तकात आहे. ती पाने मराठीत येता येता गळून पडतात!

‘शुद्ध’ भूमिपुत्राची मूर्ती घडवणारेही तितकेच दोषी आहेत. गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’मध्ये कर्नाळ्याच्या ठाकरांचे जग मायेने रंगवले. त्या मायेची नक्कल करणाऱ्यांना त्याच डोंगराजवळून जाणारा मुंबई-गोवा रस्ता दिसत नाही, आणि त्या रस्त्याने येणारा जमिनीचा दलाल तर नाहीच नाही.

कार्यकर्त्यांनी हा विषय प्राध्यापकांवर सोपवून मोकळे होऊ नये. 2024 च्या जानेवारीत शिवडीहून निघालेला सागरी सेतू चिर्ल्याजवळ टेकला. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील 124 गावांवर ‘कर्नाळा-साई-चिरनेर’ या नव्या शहराची मोहोर उमटली. शेतकऱ्यांनी हरकती नोंदवल्या. त्यांच्यापाशी दाखवायला निदान सातबारा आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वाडी करून राहिलेल्या कातकऱ्याने हरकत कोणत्या कागदावर नोंदवायची, आणि ते लिहिणारी कादंबरी कुठे आहे?