तर्काची परीक्षा : आधी ‘म्हणून’ शोधावा

विधी शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेस बसलेल्या एका मुलीच्या वडिलांचे पत्र आमच्यापुढे आहे. मुलगी शाळेत सदैव पहिल्या पाचांत असे. परंतु प्रवेशपरीक्षेच्या तर्कविषयक विभागात तिला फारच थोडे गुण मिळाले. आणखी एक वर्ष खर्चून तिने पुन्हा बसावे की नाही, यावर घरात मतभेद आहेत. पत्राच्या शेवटी ते विचारतात, “तर्कबुद्धी जन्मतःच असावी लागते, ती आमच्या मुलीपाशी नाही, असेच आता समजावयाचे काय?”

या प्रश्नाचे उत्तर शेवटी देऊ. तत्पूर्वी ही परीक्षा विद्यार्थ्यापाशी काय मागते, ते पाहणे अवश्य आहे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील प्रवेशासाठी ‘कॉमन लॉ ॲडमिशन टेस्ट’ अर्थात ‘क्लॅट’ ही परीक्षा 2008 पासून घेतली जाते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांचा प्रवेशही तिच्यातूनच होतो. 2024 सालच्या प्रवेशासाठी झालेल्या परीक्षेपासून पदवी अभ्यासक्रमाच्या प्रश्नपत्रिकेत 120 प्रश्न व 120 मिनिटे अशी योजना आहे. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश प्रश्न तर्काचे असतात. प्रथम एक उतारा द्यावयाचा आणि त्यावर काही प्रश्न विचारावयाचे, अशी त्यांची रीत आहे. बरोबर उत्तरास 1 गुण. चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा.

येथे पहिली गोष्ट ध्यानात धरावी ती ही की, परीक्षक आपले मत विचारीत नाही. उताऱ्यातील विधान आपणांस पटो वा न पटो, ते क्षणभर मान्य करून त्यातून काय निघते एवढेच सांगावयाचे असते. हुशार मुले बहुधा येथेच फसतात. त्यांना पुष्कळ ठाऊक असते आणि ते सारे उत्तरात ओतण्याचा मोह आवरत नाही.

दुसरी गोष्ट, उतारा वाचताना लेखकाचा निष्कर्ष कोणता व त्याची कारणे कोणती, हे वेगळे करावे. यास एक सोपी कसोटी आहे. ज्या वाक्याच्या आरंभी ‘म्हणून’ घातले असता अर्थ जुळतो, तो निष्कर्ष. ज्याच्या आरंभी ‘कारण’ शोभते, तो आधार. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाने निष्कर्ष मनातल्या मनात एका मराठी वाक्यात मांडून पाहावा. तो तसा मांडता आला नाही, तर उतारा समजलेला नाही असे खुशाल समजावे व पुन्हा वाचावा.

एक उदाहरण घेऊ. ‘एका गावात वाचनालय निघाले. पुढील दोन वर्षांत तेथील शालान्त परीक्षेचा निकाल सुधारला. म्हणून निकाल सुधारण्याचे श्रेय वाचनालयास आहे.’ हा युक्तिवाद सर्वांत अधिक दुबळा कोणत्या विधानाने होतो? (अ) वाचनालयास अपेक्षेपेक्षा अधिक खर्च आला. (ब) त्याच काळात शाळेतील गणित व इंग्रजी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्या गेल्या. (क) वाचनाने मनावर उत्तम संस्कार होतात. (ड) वाचनालयात जाणाऱ्या मुलांचे गुण इतरांपेक्षा अधिक वाढले.

पहिले विधान विषयाबाहेरचे आहे. तिसरे कोणासही पटेल, परंतु निकालाशी त्याचा संबंध नाही. चौथे विषयास धरून आहे, पण ते युक्तिवाद दुबळा न करता बळकट करते. घाईत ‘दुबळा’ हा शब्द विसरलेला विद्यार्थी नेमके तेच निवडतो. उत्तर ‘ब’, कारण ते निकालाचे दुसरे कारण पुढे आणते. पर्यायांकडे वळण्यापूर्वी प्रश्नातील क्रियापदाखाली रेघ ओढण्याची सवय किती उपयोगी आहे, हे यावरून दिसेल.

गृहीतक ओळखा, असा प्रश्न असल्यास पर्याय उलटा करून पाहावा. वरील युक्तिवादात ‘निकाल सुधारण्यास दुसरे पुरेसे कारण घडले नाही’ हे न बोललेले गृहीतक आहे. ‘दुसरे पुरेसे कारण घडले’ असे म्हणताच सारी इमारत ढासळते. जे उलटविल्यावर निष्कर्ष उभाच राहतो, ते आवश्यक गृहीतक नव्हे.

विधान उलट दिशेने वाचणे हाही नेहमीचा दोष. आपल्याकडील न्यायशास्त्राने तो फार पूर्वी हेरला होता. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान योग्य. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अयोग्य. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. हे विवेचन अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या ग्रंथात आहे. ‘सर्व वकील पदवीधर असतात’ यावरून ‘सर्व पदवीधर वकील असतात’ असे समजणाऱ्याने तो लोखंडाचा गोळा अवश्य आठवावा.

आता अंदाजाविषयी. चार पर्यायांपैकी एकही बाद न करता 16 प्रश्न अंदाजाने सोडविले, तर सरासरीने 4 बरोबर येतील व 12 चुकतील. 12 चुकांचे 3 गुण वजा जाऊन हाती 1 गुण उरेल. तेच प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय विचारपूर्वक बाद केले, तर 8 बरोबर, 8 चूक, आणि हाती 6 गुण. आंधळ्या अंदाजात लाभ नाममात्र. विचाराने गाळणी केल्यावर मात्र उत्तर कोरे सोडणे तोट्याचे. परंतु एका प्रश्नापाशी तीन मिनिटे घालविणे हा त्याहूनही मोठा तोटा, कारण दर प्रश्नास सरासरी एकच मिनिट मिळते. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जावे.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांचा निष्कर्ष असा की, मुलीपाशी तर्कबुद्धी नाही. आधार असा की, तिला गुण थोडे पडले. यातील गृहीतक आमच्या वाचकांनी एव्हाना ओळखले असेल : गुण कमी पडण्यास दुसरे कारण नव्हते. परंतु वेळ अपुरा पडला असेल, इंग्रजी वाचनाची गती कमी असेल, प्रश्नातील एखादा शब्द वारंवार निसटला असेल, किंवा उताऱ्याऐवजी स्वतःच्या मतावरून उत्तरे दिली असतील. ही सारी कारणे सरावाने दूर होण्याजोगी आहेत.

तेव्हा निर्णयापूर्वी एक करावे. मुलीने जुन्या पाच प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात आणि प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण एका ओळीत लिहावे. वडिलांनी जवळ बसावे, पण उत्तर सांगू नये, केवळ “हे कशावरून?” एवढेच विचारावे. एकाच प्रकारची चूक पुनःपुन्हा दिसली, तर मार्ग सापडला असे समजावे. वर्ष द्यावे की नाही हे मग ती वही पाहून, आणि मुलीची इच्छा विचारून, ठरवावे. पत्रात तिची इच्छा काय आहे, हे मात्र कोठेच लिहिलेले नाही.