संचालकाची खुर्ची आणि पगाराची दरी

समान कामास समान वेतन देण्याचा कायदा भारतात १९७६ सालीच झाला. मुंबईतील एका जहाज कंपनीच्या लघुलेखिकांना त्याचा न्याय मिळण्यास मात्र १९८७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा लागला. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांवर किमान एक महिला संचालक नेमण्याचे बंधन घातले. कित्येक उद्योगघराण्यांनी मालकाच्या पत्नीस वा कन्येस त्या खुर्चीवर बसवून कायद्याची बूज राखली! अखेर सेबीला मोठ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र महिला संचालकाची अट घालावी लागली.

परंतु शिखरावर स्त्री बसल्याने पायथ्याशी राबणारीचे वेतन वाढते काय? नॉर्वेने २००३ साली संचालक मंडळांत ४० टक्के स्त्रियांचा कायदा केला. मंडळातील स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील अंतर घटले. त्याच कंपन्यांतील इतर स्त्रियांना मात्र लाभ झाल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. यात नवल नाही. संचालक बैठकीपुरता येतो. पगारवाढ आणि बढती ठरते ती विभागप्रमुखाच्या टेबलावर. तेथे स्त्रिया हव्यात.

अडचण अशी की, त्या टेबलापर्यंत पोहोचण्याच्या वयातच घरात पाळणा हलतो. वेतनाची दरी मुख्यतः अपत्यजन्मानंतर रुंदावते, हे २०२३ च्या नोबेल मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर २०१७ पासून सक्तीचे आहे. खासगी नोकरीतील पित्याच्या रजेची तरतूद मात्र कायद्यात नाही.