ॲनिमे कुठून सुरू करू? माझं उत्तर : ‘लायकोरिस रिकॉइल’

एरवी मी इथे पाणीपट्टी, रस्ते आणि कोर्टाचे निकाल यांवर लिहितो. आज जपानी कार्टूनवर लिहितोय म्हटल्यावर काहीजण म्हणतील, याला झालं काय! थोडा दम धरा, विषय फार लांबचा नाहीये.

झालंय असं की माझ्या वयाची बरीच मंडळी हल्ली विचारतात, ‘आमची पोरं दिवसरात्र ते ॲनिमे बघतात. आम्हालाही बघू दे की काय ते. कुठून सुरू करायचं?’ पोरांना विचारलं तर ती सांगतात नारुतो, नाहीतर वन पीस. नारुतोचे दोन्ही मिळून 720 भाग आहेत आणि वन पीस हजाराच्या पुढे जाऊन अजून चालूच आहे. नोकरी सांभाळून हे बघायचं म्हणजे निवृत्तीची वाट बघायला हवी. आणि जे बघत नाहीत ते ‘कार्टून म्हणजे लहान मुलांचं’ म्हणून मोकळे.

मी नवख्या माणसाला एकच मालिका सुचवतो. ‘लायकोरिस रिकॉइल’. 2022 ची, ए-वन पिक्चर्स या स्टुडिओची. तेरा भाग, प्रत्येक भाग साधारण चोवीस मिनिटांचा, म्हणजे दोन रविवार दुपारी संपते. विषय : गुप्त मारेकरी.

आता मारेकऱ्यांवरचे ॲनिमे ढिगाने आहेत. ‘स्पाय फॅमिली’तली योर दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करते आणि रात्री माणसं मारते. ‘असॅसिनेशन क्लासरूम’मध्ये अख्खा वर्ग आपल्याच मास्तरला मारायचा अभ्यास करतो, आणि तो मास्तर मोठ्या मायेने शिकवतो. ‘अकामे गा किल’मध्ये सडलेल्या साम्राज्याच्या अंमलदारांना टिपणारी टोळी आहे. तिन्ही आपापल्या जागी चांगल्या. मग हीच का?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. जपानी टीव्हीला हा विषय ॲनिमेच्या आधीपासून ठाऊक आहे. 1972 मध्ये तिथे ‘हिस्सात्सु’ नावाची मालिका सुरू झाली. इकेनामी शोतारो या लेखकाच्या गोष्टींवर आधारलेली. एदो काळातलं शहर, दिवसा सुया टोचून दुखणी बरी करणारा वैद्य, आणि तोच रात्री पैसे घेऊन माणूस मारणार. पुढे या मालिकेच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. त्यात मोन्दो नावाचा एक शिपाईगडी फार गाजला. चौकीत बिनकामाचा म्हणून ओळखला जाणारा, नंतरच्या भागांत घरी सासूची आणि बायकोची बोलणी खाणारा, आणि अंधार पडला की तलवार काढणारा. या सगळ्यामागचा हिशोब सरळ होता. सावकार, अधिकारी, बडा व्यापारी यांच्यापर्यंत कायदा पोचत नाही, तेव्हा नाडलेला माणूस चार नाणी गोळा करतो आणि मारेकऱ्यापुढे ठेवतो. प्रेक्षकाला बरं वाटतं, कारण मरणारा कोण आणि त्याने काय केलंय हे त्याने आधी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

‘लायकोरिस रिकॉइल’ हा हिशोबच उलटा करते. इथे मारेकरी गरिबाने नेमलेला नाही, तो यंत्रणेचाच आहे. डीए नावाची एक गुप्त संस्था आहे. ती अनाथ मुली उचलते, त्यांना लहानपणापासून बंदूक शिकवते आणि शाळेचा गणवेश घालून शहरात सोडते. जपानच्या रस्त्यावर शाळकरी मुलीइतकं कुणाच्या नजरेत न भरणारं दुसरं काय असणार! या मुलींना लायकोरिस म्हणतात. लायकोरिस म्हणजे तिकडे शरद ऋतूत फुलणारं लाल फूल, कबरींच्या कडेने लावतात, मरणाशी जोडलेलं. नावातच सगळं आलं. या मुली गुन्हा घडण्याच्या आधीच गुन्हेगाराला संपवतात. पंचनामा नाही, खटला नाही, बातमीसुद्धा नाही. रेल्वे स्थानकावर गोळीबार झाला तरी लोकांना कळतो तो अपघात. पहिल्या भागाच्या सुरुवातीचं निवेदन नीट ऐका. मुलगी छान हसऱ्या आवाजात सांगते की आपलं शहर किती शांत, लोक किती सुस्वभावी. आणि त्याच सुरात पुढे सांगते, की समाज बिघडवणाऱ्याला आम्ही राहू देत नाही, तो कधी होता हेसुद्धा राहू देत नाही.

मी तिथे पॉज केलं होतं.

गोष्टीत दोन मुली आहेत. ताकिना शिस्तीची, पण एकदा हुकूम मोडून साथीदाराला वाचवायला गोळ्या झाडते आणि तिची मुख्यालयातून एका कॉफीच्या दुकानात बदली होते. सरकारी नोकरीतल्या मंडळींना ही ‘शिक्षेची बदली’ समजावून सांगायला नको. त्या दुकानात चिसातो भेटते. संस्थेतली सगळ्यात तरबेज लायकोरिस, समोरच्याची हालचाल वाचून गोळी चुकवणारी. आणि ही बाई, म्हणजे सतरा वर्षांची पोर, कुणाला मारतच नाही! जीव न घेणाऱ्या खास गोळ्या वापरते. वर पडलेल्या गुंडाची मलमपट्टी करते. बाकी वेळ कॉफी, गोडधोड, गिऱ्हाइकांबरोबर बोर्ड गेम, आजूबाजूच्यांची किरकोळ कामं. तुमच्या पोरांना ही मालिका आवडते ती या दोघींच्या मैत्रीसाठी, आणि त्यात काही गैर नाही. मैत्री खरोखर गोड रंगवली आहे.

पण मला सुचवायची आहे ती मैत्रीच्या मागे उभी असलेली बिनदिक्कत शांतता. मालिकेत शहराच्या मध्यभागी एक मोडका मनोरा आहे. दहा वर्षांपूर्वी तिथे मोठा हल्ला झाला होता. आता तो शांततेची खूण म्हणून तसाच ठेवलाय. लोक त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, बघा, तेव्हापासून काही झालं नाही. जपान्यांना हे उगाच सुचलेलं नसावं. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला गेला, तो त्यांच्या मनातून गेलेला नाही. आणि योगायोग बघा : मालिकेचा पहिला भाग 2 जुलै 2022 ला लागला. 8 जुलैला नारा शहरात, भर रस्त्यात, शिन्झो आबेंना घरी बनवलेल्या बंदुकीने गोळ्या घातल्या. बंदुकीचे कायदे ज्या देशात जगात सर्वांत कडक म्हणावेत असे, तिथे. दुसऱ्या दिवशी आपल्याकडेही दुखवटा होता. त्याच आठवड्यात तिकडचे लोक टीव्हीवर ‘आपलं शहर किती सुरक्षित’ हे त्या हसऱ्या मुलीच्या तोंडून ऐकत होते.

आता माझ्या घरातली गोष्ट. 6 डिसेंबर 2019 ला सकाळी हैदराबादच्या त्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्याची बातमी आली. गुन्हा भयानक होता, माझंही रक्त खवळलं होतं. जागेवर जमलेल्या लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. मी टाळ्यांच्या खुणा टाकल्या आणि पुढे आणखी दोन ग्रुपवर ढकलला. हे लपवण्यात अर्थ नाही, कुणी ना कुणी स्क्रीनशॉट ठेवलाच असेल. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल जाहीर झाला. पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून गोळ्या झाडल्या, असा त्याचा निष्कर्ष. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असंही त्यात म्हटलंय. अहवाल आला तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणी काही टाकलं नाही. मीही नाही.

त्याच वर्षी मुलीबरोबर ही मालिका बघत होतो. ती तेव्हा नववीत. दुसऱ्या की तिसऱ्या भागाला तिने सहज विचारलं, ‘बाबा, पण या ज्यांना मारतात ते खरंच गुन्हेगार आहेत, हे ठरवतं कोण?’ मी म्हटलं, ‘अगं, त्यांची एक मशीन आहे, ती सांगते.’ ती म्हणाली, ‘आणि मशीन चुकली तर?’ मालिकेतही त्यांचा तो संगणक हॅक होतोच. पण मला त्या वेळी काही तो संगणक आठवला नाही.

आपल्या राज्यात तर हा विषय घरचाच आहे. ‘अब तक छप्पन’ पिक्चर आपण चवीने बघितला, नावातच आकडा आहे. त्याहून मोठा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालपत्रात आहे. 1995 ते 1997 या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे 99 चकमकी, त्यांत सुमारे 135 माणसं मेली, आणि त्या चकमकी खऱ्या की खोट्या हा वाद त्या याचिकेच्या मुळाशी होता. न्यायालयाने नियम घालून दिले : एफआयआर नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, आणि चकमकीनंतर लगोलग बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. शेवटचा नियम लिहावा लागला, यातच काय ते समजा.

फरक एवढाच की मालिकेतल्या टोकियोत लोकांना काही माहीत नाही. त्यांच्यापासून लपवलंय. आपल्याला माहीत असतं आणि आपण फुलं उधळतो. कुठली स्थिती वाईट, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालला होता. बायकोचं मत, आपली. मुलीचं मत, त्यांची. कारण ज्यांना माहीतच नाही ते कधी लाजणार पण नाहीत.

मालिकेतला खलनायक माजिमा नेमकी हीच दुखरी जागा धरतो. त्याला पैसा नको, गादी नको. त्याचं म्हणणं, ही शांतता खोटी आहे, लोकांना दिसू दे. म्हणून तो शहरात ठिकठिकाणी पिस्तुलं लपवून ठेवतो, सामान्य माणसाच्या हाताला लागतील अशी. माणूस राक्षसी, पण प्रश्न रास्त. अशा खलनायकासाठी मी एरवी बरीच भिकार मालिकाही सहन करतो.

आता दोष, म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. शेवट मला पटला नाही. (पुढची दोन वाक्यं मालिका बघायची असेल तर सोडा.) लायकोरिसचं बिंग जगासमोर फुटतं आणि संस्था ‘तो सगळा करमणुकीचा देखावा होता’ म्हणून सारवासारव करते, आणि लोक मानतातही. मालिका त्यावर हसते आणि कॉफीच्या दुकानात परत जाते, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींकडून माणसं मारून घेणारी ती संस्था तशीच शाबूत राहते. कदाचित हाच कडवट विनोद असेल, पण मला वाटतं लिहिणाऱ्यांनी अंग काढून घेतलं. शिवाय हुशार मुलं हेरून त्यांना मदत करणाऱ्या ॲलन इन्स्टिट्यूटचं उपकथानक मध्येच इतकं गुंतागुंतीचं होतं की मुलीला दोनदा विचारावं लागलं. आणि हो, काही प्रसंग निव्वळ चाहत्यांना खूश करायला घातलेत. पाणी प्यायला उठा.

बघताना एकच पथ्य. पहिला भाग बघून ‘गोड मुली, बंदुका, कॉफी, कळलं’ म्हणून बंद करू नका, चौथ्या भागापर्यंत या. त्यात अर्धा वेळ खरेदी आणि मत्स्यालय आहे, आणि उरलेल्या वेळात रेल्वे स्थानक. भाषा शक्यतो जपानी ठेवा, खाली सबटायटल लावा. चिसातोचा आवाज ऐकण्यासारखा आहे. पोरं सोबत असतील तर साधारण तेरा-चौदाच्या पुढची असावीत. रक्त फार नाही, पण मरण बरंच आहे आणि ते झटक्यात येतं. आणि बघताना पोरांना समजावून सांगायला जाऊ नका. मी तो प्रयत्न केला, मला मशीनबद्दल ऐकून घ्यावं लागलं.

ज्यांनी बघितलीय त्यांनी माजिमावर बिनधास्त भांडायला या. पण शेवटाबद्दल लिहिताना वर ‘स्पॉयलर’ लिहा रे, नवीन मंडळी वाचतायत.