बुरुजावर चढताच उलगडणारा नकाशा आणि उंबरखिंड

२ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानाने धाडलेला कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरला; सोबत माहूरची रायबागन. आजच्या खालापूर तालुक्यातील चावणी गावानजीक वाट अरुंद, रान दाट. पुढे मराठे, मागेही मराठे. तहानेने व्याकुळ झालेल्या फौजेला सारे सामान टाकून माघारीची वाट मागून घ्यावी लागली.

‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड’ ही २००७ पासूनची ओपन-वर्ल्ड गेममालिका शिळी झाली का, या वादात ही खिंड आठवायला हवी. इजिप्त, ग्रीस, इंग्लंड, जपान असे मुलूख बदलत गेले (२०१६ च्या एका उपभागात १८४१ चा हिंदुस्थानही येऊन गेला). शिळेपणाचे मूळ मुलखात नव्हेच. बुरुजावर चढावे आणि भोवतालचा प्रदेश खुणांसह उलगडावा, ही मालिकेची जुनी रीत. कारतलबखानाला तसा बुरुज लाभता, तर उंबरखिंड घडलीच नसती!

२०२५ च्या ‘शॅडोज’मध्ये लक्ष्य हुडकण्यासाठी हेर पाठवता येतात. दिशा योग्य आहे. शिवरायांची मदारही हेरांवरच होती. परंतु पाण्यावाचून तेथे कोणाचेच अडत नाही.

‘ओडिसी’ची गत याहून वाईट. तिचा नायक कोणताही कडा हातांनी चढतो. त्याला कर्जतच्या कोथळीगडापाशी उभे केले, तर सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्यांकडे तो पाहणारही नाही. ज्यांनी त्या कोरल्या, त्यांना माथा गाठण्याचा दुसरा मार्ग नव्हता.