फिरणे आणि फिरवणे

आठवीच्या वर्गात प्रयोजक क्रियापद शिकवताना मी नेहमी सोप्या जोड्या देते. हसणे–हसवणे, बसणे–बसवणे, फिरणे–फिरवणे. उर्दूच्या तासाला तीच गंमत घूमना आणि घुमाना यांत दिसते. मुलांना सांगते की पहिल्या क्रियापदात माणूस स्वतःच्या मर्जीने काही करतो आणि दुसऱ्यात त्याच्याकडून ते कुणीतरी करवून घेतं. मुलांना हा फरक लवकर समजतो. घरातल्या मोठ्या माणसांना मात्र तो समजावून सांगावा लागतो.

आपल्या घरांमध्ये एक वाक्य फार अभिमानाने म्हटलं जातं, ‘यंदा अम्मी-अब्बूंना लोणावळ्याला फिरवून आणलं.’ कुठे लोणावळा असतो, कुठे महाबळेश्वर, कुठे खोपोलीजवळचं मोठं मनोरंजन उद्यान. वाक्यात प्रेम आहे, खर्च केल्याचं समाधान आहे. व्याकरणही शुद्ध आहे. पण ज्यांना फिरवून आणलं ते स्वतः किती फिरले, हे त्या वाक्यातून कळत नाही. माझं म्हणणं असं की निवृत्त आई-वडिलांच्या नावाने निघणाऱ्या आपल्या बहुतेक कौटुंबिक सहलींमध्ये आई-वडील हे फक्त निमित्त असतात. सहल पोरांची होते आणि म्हातारे सामानाजवळ बसतात.

माझे खालू एसटीत चालक होते. सातारा–मुंबई मार्गावर त्यांनी जवळजवळ तीस वर्षं गाडी चालवली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी सगळी वाहतूक जुन्या रस्त्याने खंडाळ्याच्या घाटातून व्हायची, तेव्हापासून ते त्या वाटेवर आहेत. धुक्यात समोरच्या ट्रकचा लाल दिवा धरून गाडी कशी उतरवायची, ब्रेक तापू नयेत म्हणून कुठे गिअर खाली आणायचा, हे सगळं त्यांना पाठ. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराची कथा त्यांच्याकडूनच मी लहानपणी ऐकली. त्याच्या देवळापाशी चालक नाणं टाकतात, गाडीचा वेग कमी करतात, तसा खालूही करायचे. इतक्या वेळा लोणावळा ओलांडूनही ते तिथे पाहुणे म्हणून कधी उतरले नव्हते. चालकाला थांबा असतो, मुक्काम नसतो.

खालाने तर लोणावळा फक्त चिक्कीच्या पुड्यातून पाहिलेला. ड्युटी संपवून येताना खालू पुडा आणायचे, तेवढीच तिची त्या गावाशी ओळख.

निवृत्तीनंतर सगळ्यांनी ठरवलं की आता दोघांना लोणावळ्याला न्यायचंच. दोन मुलगे, सुना, मुलगी, जावई, पाच नातवंडं आणि मी. सतरा सीटची गाडी ठरली, भाडं खालूंनीच दिलं. वॉटर पार्क असलेल्या एका रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारचं आरक्षण झालं. दर माणशी. पाण्यात उतरणाऱ्याला जो दर, काठावर बसणाऱ्यालाही तोच. पाण्यात उतरायला ठरावीक कापडाचा पोशाख सक्तीचा, तो खालाकडे असण्याचा प्रश्नच नव्हता आणि असता तरी ती उतरली नसती. पूर्ण पैसे भरून दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. समोर तेरा जोड चपला, सहा मोबाइल, तीन पर्स आणि सर्वांत धाकटा नातू झोपलेला. स्पीकरवर गाणी इतकी मोठ्याने की एकमेकांशी बोलायचं तरी ओरडावं लागावं. दर थोड्या वेळाने कुणीतरी पळत यायचं, टॉवेल मागायचं, भूक लागली म्हणायचं. खाला डबे उघडत होती. आदल्या रात्री बारापर्यंत जागून तिनेच ते भरले होते.

खालूंनी दोन दिवसांत एकच गोष्ट मागितली. म्हणाले, ‘बेटा, जरा घाटापर्यंत जाऊन येऊ. अमृतांजन पूल होता ती जागा तुझ्या खालाला दाखवायचीय.’ ब्रिटिश काळात, १८३० मध्ये बांधलेला तो पूल एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन चालू असताना पाडला. त्याच्याखालून हजारदा गेलेल्या माणसाला त्याची रिकामी जागा बघायची होती, बायकोला बोट दाखवून सांगायचं होतं की मी इथून जायचो. मुलं म्हणाली, ‘अब्बू, तिथे आता काय आहे बघण्यासारखं?’ मग मेणाच्या पुतळ्यांना वेळ मिळाला, सेल्फीला मिळाला, चिक्कीच्या दुकानात पाऊण तास गेला. घाट राहिला.

मुलं वाईट नाहीत. असती तर हा लेख लिहायला सोपा होता. दोघंही मेहनतीने कमावतात, वर्षात मोजक्या रजा मिळतात, त्यातले दोन दिवस त्यांनी आई-वडिलांसाठी काढले. परत येताना मी खालाला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, ‘बच्चे खूश तो मैं खूश.’ यावर मुलं लगेच म्हणतील, बघा, तीच म्हणतेय. मला या उत्तराचा आदर आहे, पण ते पुरेसं वाटत नाही. नातवंडांना हसताना पाहण्याचा आनंद खरा आहे, त्यात खोटं काही नाही. पण हे उत्तर देणाऱ्या बाईला चाळीस वर्षांत दुसरं उत्तर द्यायची सवयच राहिलेली नाही. ‘तुला काय हवं?’ हा प्रश्न तिला इतका क्वचित विचारला गेला की तो आला तरी ती त्याचं उत्तर दुसऱ्याच्या नावाने देते.

इथेच मला निवृत्ती या शब्दाबद्दल बोलायचं आहे. राज्य सरकारी शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. त्याला नारळ मिळतो, शाल मिळते, भाषणं होतात. खालूंनाही डेपोत हार घातला गेला. खालाचा निरोप समारंभ कधी झाला? तिच्या कामाला सेवानिवृत्तीचं वयच नाही. म्हणून ‘निवृत्त जोडपं’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा त्यातला एकच माणूस निवृत्त असतो. नवरा घरी बसला की उलट चहाचे दोन कप वाढतात. तिला सहलीला नेलं आणि डबे, औषधं, नातवाची दुपट्टी, सगळ्यांच्या चपला तिच्याच ताब्यात दिल्या, तर तिच्या कामाची फक्त जागा बदलते. स्वयंपाकघर सातारहून लोणावळ्याला हलतं.

आपल्या समाजात आणखी एक अडसर आहे. वय झालं की माणसाने आता अल्लाह-अल्लाह करावं, हौस-मौज पोरांना शोभते, अशी समजूत. हज आणि उमराहसाठी म्हातारपणी पै-पै साठवणारे आई-वडील मी पाहिले आहेत आणि त्या साठवण्याबद्दल मला मनापासून इज्जत आहे. पण त्याच घरात कुणा वृद्ध बाईने ‘मला समुद्र बघायचाय’ म्हटलं की लगेच ‘फिजूलखर्ची’ हा शब्द येतो. कुरआनात जमिनीवर फिरून पाहण्याची, निर्मितीचा विचार करण्याची ताकीद एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे. ती फक्त पंचविशीच्या तरुणांना दिलेली आहे असं मला तरी कुठे आढळलं नाही. नात्यातल्या लोकांना भेटण्यासाठी प्रवास करणं हेही आपल्याकडे पुण्याचंच मानलं जातं. मग त्याच प्रवासात दोन घटका डोंगराकडे बघत बसलं तर त्यात उधळपट्टी कुठली?

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांना झेपत नाही, म्हणून त्यांना सावलीत बसवतो. झेपण्याचा विचार खरंच केला असता तर सहलीची आखणी वेगळी झाली असती. लोणावळा-खंडाळ्याची हवा, दऱ्या, पावसातलं धुकं, हे बघायला पळावं लागत नाही. कार्ल्याच्या लेण्यांना शेकडो पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्याला त्या जमणार नाहीत हे कबूल. पण खंडाळ्याला राजमाची पॉइंटवर गाडीतून उतरून समोरची दरी बघता येते. त्यासाठी फक्त एक सकाळ आणि कुणाची तरी सोबत लागते. आम्हाला खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नव्हती. आरक्षण करताना तरणतलाव किती आहेत हे विचारलं गेलं, जिने किती आहेत हे कुणी विचारलं नाही.

म्हाताऱ्यांच्या सावधपणालाही आपण भित्रेपणा म्हणतो. ३० जून २०२४ रोजी याच लोणावळ्यात, भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. ती दृश्यं आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. त्या कुटुंबाच्या दुःखावर बोलण्याचा मला अधिकार नाही. मी माझ्या घरापुरतं बोलते. पावसाळ्यात वाहत्या पाण्यापासून लांब राहा असं सांगणारा घरातला म्हातारा माणूस रंगाचा भंग करत नसतो. घाटातला पाऊस वर पडतो आणि खाली पाणी नंतर वाढतं, हे तीस वर्षं घाट चालवलेल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्याला सामानाजवळ बसवण्याऐवजी वाट विचारली तर सहल सुरक्षितही होईल आणि त्याला मानही मिळेल.

सरकारचाही यात हिशेब आहे. रेल्वेत ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये महामारीच्या नावाने बंद झाली. महामारी गेली, सवलत परत आली नाही. एसटीने मात्र याउलट केलं. ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना अर्धं तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना अर्धं तिकीट. म्हणजे खाला आज अर्ध्या तिकिटात राज्यात कुठेही जाऊ शकते. तिला बसमध्ये चढण्यापासून अडवतो तो तिकिटाचा दर नाही. ‘घर कोण बघणार?’ हा प्रश्न तिला अडवतो, आणि त्याचं उत्तर सरकारने द्यायचं नाही, आपण द्यायचं आहे.

मग करायचं काय? एकत्र सहली बंद करा असं मी म्हणत नाही. आई-वडिलांना कुठल्यातरी वृद्धांच्या टूरमध्ये एकटं पाठवून मोकळं व्हा, असं तर मुळीच नाही. तेरा-चौदा माणसं एका गाडीत कोंबून, भांडत, गात, डबे फिरवत जातात, ही आपली दौलत आहे. मुंबई-पुण्यातल्या छोट्या फ्लॅटमध्ये विखुरलेल्या भावंडांना एकत्र आणायला आता अशीच निमित्तं उरली आहेत. फक्त त्यात काही साध्या गोष्टी पाळता येतील. ठिकाण ठरवण्याआधी दोघांना विचारा, आणि वेगवेगळं विचारा, कारण एकत्र विचारलं तर उत्तर खालूच देतील. दोन दिवसांतला अर्धा दिवस तरी त्यांच्या पसंतीचा ठेवा, तो तुम्हाला कंटाळवाणा वाटला तरी. खोली तळमजल्याची घ्या. डबे नेणार असाल तर मुलांनीही लाटणं हातात घ्यावं, नाहीतर बाहेर जेवा. धाकट्या नातवाला सांभाळायची पाळी लावा, त्या पाळीत बापाचंही नाव असू द्या. आणि वर्षातून एकदा फक्त त्या दोघांना एसटीत बसवून द्या, मागे घर आपण बघू असं सांगून.

लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या अनेक जोडप्यांनी आयुष्यात एकदाही दोघांनीच मिळून प्रवास केलेला नसतो. आधी सासू-सासरे, मग मुलं, मग नातवंडं. ‘या वयात दोघंच कुठे जाणार, लोक काय म्हणतील’ असं तीच लाजून म्हणतात. लोकांना काही म्हणायचं असेल तर म्हणू द्या. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांना त्यांच्या मुक्कामी पोचवलं, त्याला बायकोच्या शेजारच्या सीटवर बसून, स्टिअरिंग हातात नसताना, खिडकीतून तोच घाट बघण्याचा हक्क आहे.

येत्या सुट्टीत तुमच्याही घरी बेत ठरेल. गट तयार होईल, फोटो येतील, कोण किती पैसे देणार याचा हिशेब होईल. त्या वेळी एक प्रश्न अम्मीला विचारा. उत्तर ‘तुम्ही म्हणाल तिथे’ असं आलं तर ते उत्तर मानू नका. थोडं थांबा आणि पुन्हा विचारा.