टॉपर म्हणजेच लीडर?

फायनल इयरचे प्रोजेक्ट ग्रुप पडले की पहिला प्रश्न ठरलेला, "लीडर कोण?" उत्तरही ठरलेलं, "ज्याचा पॉइंटर जास्त तो!" मला हे मुळातच पटत नाही.

मग होतं काय, टॉपर रात्र रात्र जागून सगळं कोडिंग एकटाच करतो आणि बाकीचे तिघं व्हायवाच्या आदल्या दिवशी विचारतात, "आपला प्रोजेक्ट नक्की कशावर आहे रे?" मार्क सगळ्यांना मिळतात, काम मात्र एकालाच येतं.

सचिन तेंडुलकरचंच बघा. फलंदाज म्हणून त्याच्याबद्दल कोण शंका घेईल? पण कर्णधार म्हणून २५ कसोटींत विजय फक्त ४. मार्च १९९७ मध्ये ब्रिजटाऊनला पहिल्या डावात त्याने स्वतः ९२ धावा काढल्या. शेवटच्या डावात जिंकायला १२० हव्या होत्या आणि अख्खा संघ ८१ मध्ये गारद! २००० साली त्याने कर्णधारपद सोडलं आणि पुढे धावांचे डोंगर रचले. त्यात कमीपणा कसला?

आता आमच्याकडचं उदाहरण. मी बेलापूरची. नवी मुंबईचं नव्हे हं, प्रवरेकाठचं! शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान इंजिनिअरिंगची वाट सोडून क्रिकेटकडे वळला. भारताचा कसोटी कर्णधार तो कधीच झाला नाही. पण मिड-ऑफला उभा राहून तरुण गोलंदाजांना तो सतत काहीतरी सांगत असायचा. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये स्वतःच्या २१ विकेट्स होत्याच. तरी आपल्याजवळची विद्या दुसऱ्याला द्यायला त्याने हात आखडता घेतला नाही. माझ्या मते लीडर तो हाच.

टॉपरला विषय कळतो, हे मान्य. पण आपल्याला दहा मिनिटांत जमणारं काम दुसऱ्याला दोन तास लागत असताना त्याच्या हातातून कीबोर्ड ओढून न घेणं, हे वेगळंच कौशल्य आहे. ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. आणि ते न शिकताच आपण उद्या कंपनीत टीम लीड होणार!

म्हणून सर-मॅडमना एक विनंती. लीडर पॉइंटर बघून नेमू नका, ग्रुपलाच निवडू द्या. आणि व्हायवात लीडरला एवढंच विचारा, "तुझ्या ग्रुपमधल्या सगळ्यात कच्च्या मुलाला तू काय शिकवलंस?" उत्तर मात्र त्या मुलाकडून घ्या!