ड्रमचा स्मोकर, पॅलेटचं लाकूड आणि बांधावरची बाभळ



ज्वारी हुरड्यावर यायली की माझ्याकडं एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "दादा, शेतावर पार्टी ठेवायची, पाहुणे पुण्याहून यायलेत. बार्बेक्यू कोणता घेऊ? ड्रमचा का स्टीलचा? कोळसा कोणता?" एकेकाला उत्तर देऊन थकलो म्हणून हे लिहायलोय. काही जणांना राग येईल. येऊ द्या.

आधी ड्रमचं बोलू, कारण ते सगळ्यात वाईट आहे. दोनशे लिटरचा जुना लोखंडी ड्रम घ्यायचा, मधून उभा चिरायचा, बिजागरी लावायची, आत जाळी, वर धुराडं. झाला 'स्मोकर'. आपल्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानात आता असे सर्रास बनायलेत. मी एका दुकानदाराला विचारलं, या ड्रमात आधी काय होतं? तो म्हणला, "काय की, भंगारात आला." बरं, म्हणजे केमिकल असेल, ऑइल असेल, नाहीतर फवारणीचं औषध असेल. आतून रंगाचा थर असतो तो वेगळाच. तापला की तो कुठं जाणार? तुमच्या मटणात.

आपण शेतकरी आहोत, आपल्याला हे सांगायची पाळी यावी? औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं की रिकामा डबा दुसऱ्या कामाला वापरू नका, नष्ट करा. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी वाचलं. तरी त्याच ड्रमात लेकरांसाठी कणसं भाजायची? गॅल्व्हनाइज पत्र्याची शेगडीही नको. त्याच्यावरचा जस्ताचा थर लाल निखाऱ्याला टिकत नाही. साधं काळं लोखंड, बीड, माती, नाहीतर तीन दगड. एवढ्यात जगातलं सगळं भाजून होतं. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या माळावर तीन दगडांवरच शेकडो चुली पेटतात, तिथं कुणी धुराड्याचा स्मोकर घेऊन येत नाही.

आता लाकूड. शहरात बार्बेक्यूवाले 'मेस्क्वीट' नावाच्या लाकडाचे तुकडे पाकिटात विकतात. अमेरिकेत टेक्सासकडं त्याच्या धुरावर मांस शेकतात, म्हणून त्याला भाव. मंडळी, हे मेस्क्वीट म्हणजे प्रोसोपिस. आणि आपल्या नाल्याच्या काठाला, गायरानात, पडीक रानात जी येडी बाभळ माजली आहे ती प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. एकाच कुळातली, सख्खी भावंडं म्हणा. एकोणिसाव्या शतकात ती बाहेरून या देशात आणली गेली आणि मग आवरली नाही. ट्रॅक्टरचं टायर फोडते, खाली गवत येऊ देत नाही, वरून तोडली तर बुडातून चार फांद्या जास्त फुटतात. कच्छमध्ये तिचा कोळसा पाडतात, तमिळनाडूत रामनाथपुरमकडंही पाडतात. आणि आपण काय करायलोत? येडी बाभळ तशीच ठेवून बांधावरची देशी बाभळ कोळशाला विकायलोत.

माझं खरं भांडण हे आहे.

भट्टीवाला येतो, उभ्या झाडाचा सौदा करतो. ढाब्यांना, हॉटेलांना, आता ह्या पार्टीवाल्यांनाही कोळसा लागतो. मातीच्या भट्टीत चार-पाच किलो लाकूड जळतं तेव्हा किलोभर कोळसा हातात येतो. म्हणजे तुमच्या एका संध्याकाळच्या दहा किलो कोळशामागं अर्धा क्विंटल बाभळ गेली. ती बाभळ वाढायला किती वर्षं लागली ते बांधाच्या मालकाला विचारा. तिच्या शेंगांवर उन्हाळ्यात शेळ्या जगतात. डिंक निघतो. मुळांच्या गाठी नत्र धरतात. वखर, तिफण, बैलगाडीची चाकं याच लाकडाची होती. मे महिन्यात औत सोडल्यावर बैलं कुठं बांधता? लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही, 2016 ला तिथं रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्या लोहा-कंधारच्या माळावर तरी काय हिरवं राहिलंय? जे आहे ते बांधावर आहे.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं: बाभळीच्या सावलीनं पीक खुरटतं, तिच्यावर पाखरं बसतात, आणि शेजाऱ्याशी कुरबूर होते. खरं आहे, मी नाकारत नाही. मग छाटा ना. खालच्या फांद्या दरसाल छाटल्या तर सावली हटते आणि वर्षाचं सरपणही निघतं. मुळासकट काढायला ती काय येडी बाभळ आहे?

बाकी लाकडांचं पटकन सांगतो. कडुनिंबाचा धूर कडू, भाजण्याला नको. सुबाभूळ भसकन जळते, आर टिकत नाही. आंबा, चिंच चांगली, पण वाळलेली फांदी पडली तर घ्या. उभं झाड तोडायला 1964 च्या कायद्यानं परवानगी लागते, जांभूळ आणि मोहाचंही तसंच. पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीखाली ठीक, पण ज्याच्यावर हंगामभर फवारे मारले त्याच्या उघड्या धुरावर खायचं भाजू नका. गावात हार्डवेअरच्या मालासोबत लाकडी पॅलेट येतात, ती फुकट मिळतात म्हणून लोक जाळायलेत. त्याच्यावर शिक्का बघा. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. 'एचटी' म्हणजे नुसतं तापवलेलं, पण रंग-ऑइल लागलेलं असेल तर तेही नको. आणि मांस ओवायला कण्हेरीची काडी कधीच घेऊ नका. ती विषारी आहे, गुराखी पोरांनाही माहीत असतं.

हुरड्याला मात्र यातलं एकही लाकूड नको. हुरड्याला गोवरी.

लाकडाची ज्वाळा वरून दाणा करपवते आणि आत कच्चा ठेवते. गॅसच्या बंदुकीनं कणीस भाजणारेही पाहिलेत मी, त्यांच्याबद्दल काय बोलावं. गोवरी ज्वाळेशिवाय सावकाश फुलते, तिची राख ऊब धरून ठेवते, कणीस त्या राखेत निवांत शिजतं. मग गुळभेंडी असो, सुरती असो की आपल्या परभणी विद्यापीठाची परभणी वसंत, हातावर चोळलं की दाणा मऊ आणि गोड निघतो.

इथं कृषीवाले मित्र म्हणतील, शेण जाळायचं नसतं, खत करायचं असतं. बरोबर. जाळलं की नत्र उडून जातं, राखेत पालाश आणि थोडं स्फुरद राहतं. बारा महिने चुलीत शेण घालणाऱ्यांना हे जरूर सांगा. पण हंगामात दोन-तीन आगट्यांना पन्नास-साठ गोवऱ्या लागतात, आणि ती राख परत रानातच पडते. काळजी करायची तर दुसरीच करा. गोवरी येते जनावरापासून, जनावर जगतं कडब्यावर, कडबा येतो ज्वारीतून. ज्वारीच्या जागी आपण सोयाबीन घातलं, कडबा गेला, दावणीची लाल कंधारी विकली. आता हुरडा पार्टीला गोवऱ्या विकत आणणारे शेतकरी मी याच तालुक्यात पाहायलोय.

तर विचारणाऱ्यांना उत्तर: काहीच विकत घेऊ नका. वीतभर खोल, हातभर रुंद खड्डा घ्या. गोवऱ्या रचून पेटवा, पहिला धूर निघून जाऊ द्या, लाल आर झाला की राख सारखी करून कणसं घाला. मटण-कोंबडी शेकायची तर बाजूला तीन दगड, वर लोखंडी जाळी, खाली येडी बाभळीचा वाळका बुंधा. तिचा धूर तिखट असतो, म्हणून पेटत्या लाकडावर नको, निखारे होऊ द्या. चरबी टपकून भडका उडाला की जाळी बाजूला घ्या, त्या भडक्याचा काळा थर चांगला नसतो. रात्री थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपू नका, त्या वायूला वास नसतो. आणि आगटी कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून. दोन घागरी पाणी आधी भरून ठेवा, मग काडी ओढा.